सव्वा महिन्याचं खोटं

चोपडा, ६ एप्रिल २०२५

चि. सौ. दिपमालास अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितो. तू देवपुरात दर गुरुवारी कुणा समुपदेशक बाईकडे जाऊन घरातलं सांगतेस, हे मला दोंडाईच्याच्या पाहुण्यांकडून कळावं? माझ्या मयुरीचं लग्न तिथे जमत आलंय. त्यांनी तोंडावर विचारलं, तुमच्या बहिणीच्या डोक्यावर परिणाम झालाय का. मी खाली मान घालून बसलो. तुला कमी काय आहे? जाणं बंद कर, नाहीतर यंदा आखाजीला तुला माहेरी आणायला मुराळी येणार नाही.

रागावलो तरी माया आहेच.
तुझा भाऊ तोताराम

देवपूर, धुळे, ११ एप्रिल

ती. भाऊस शि. सा. नमस्कार.

नको पाठवू मुराळी. चोपड्याची बस मला सापडते.

मी तिथे काय सांगते ते ऐक. चार वर्षांपूर्वी धाकट्याच्या वेळी माझे टाके ओले असताना आई गेली. बाळंतिणीचं दूध आटेल म्हणून तुम्ही घरच्या बठ्ठ्यांनी, एकूण एकाने, ते सव्वा महिना लपवलं. रोज फोन केला की तू म्हणायचास, "आई झोपेल शे." नातू बघायला येत नाही म्हणून मी तिच्यावर रुसले. तुला म्हटलं, सांग तिला, मी आता बोलणार नाही. तिचा दहावा होऊन गेला होता रे तेव्हा! मेलेल्या आईवर मी फुगून बसले होते, आणि मान तू खाली घालतोस?

तेव्हापासून रडूच आलं नाही. फोन वाजला की छातीत धडधडतं. मागच्या महिन्यात त्या बाईंसमोर पहिल्यांदा रडले, घरी येऊन पोटभर जेवले. जाणं बंद होणार नाही. पाहुण्यांना खुशाल सांग.

पाया पडते, पण रागानेच.
दिपमाला

चोपडा, १९ एप्रिल

चि. सौ. दिपमालास आशीर्वाद.

पत्र वाचून संतापच आला. ओल्या बाळंतिणीला असलं कुणी सांगतं का? मी एकट्याने ठरवलं नव्हतं. पण फोन सगळ्यांनी माझ्याच हातात दिला. तुझा पहिला फोन आला तेव्हा मी स्मशानातून येऊन अंघोळ करून उठलो होतो. तुला आवाजावरून कळेल म्हणून मी तेव्हाही रडलो नाही, नंतरही नाही.

पाहुण्यांना सांगितलं, माझी बहीण शहाणी आहे. रुसले तर रुसोत.

मुराळी म्हणून मीच येतो, आणि येत्या गुरुवारीच येतो. बाहेर बसून राहीन. बाईंनी बोलावलं तर आत येईन. आईचं मला अजून कुणी काही विचारलेलंच नाही.

तोताराम