घर सुनेला, आणि त्याचे कारण

मी, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, नवऱ्यामागे या घरात राहणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आजाराने शरीर पोखरले आहे, डोके जागेवर आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर माझ्या पगारातून घेतलेले आहे. ते मी सुनेला देत आहे, तिच्यानंतर नातीला. मुलाचा त्यावर कसलाही हक्क नाही, राहण्याचासुद्धा.

२. कारण लिहायची गरज नाही, असे वकील म्हणाले. मी लिहिणार.

पुढच्या खोलीत मी जन्मभर शिकवण्या घेतल्या. पॅसिव्ह व्हॉइस आला की मुले खूश. कर्ता गाळला तरी गुण मिळतात. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगत, कर्ता माहीत नसेल तर गाळा, लाज वाटते म्हणून गाळू नका. म्हणून माझ्याकडे शिस्त होती. कोणी ‘द विंडो वॉज ब्रोकन’ म्हटले, की बाकीच्यांनी एका सुरात विचारायचे, ‘बाय हूम?’ उत्तराशिवाय पुढचे वाक्य नाही. शेजारी म्हणत, बाईंनी घरात पोलीसचौकी उघडली आहे.

नातही या वर्गात बसायची. सुनेचा हात गळ्यात बांधलेला असताना मुलाचे साहेब घरी आले. मुलगा इंग्रजीत म्हणाला, ‘‘हर आर्म गॉट ब्रोकन.’’ नात चित्र रंगवत होती. मान वर न करता तिने सवयीने विचारले, ‘‘बाय हूम?’’

साहेब हसले. मुलगाही हसला. सून एका हाताने कप उचलून आत गेली.

साहेब गेल्यावर मुलाने नातीची शिकवणी बंद केली. ‘‘आई, नसतं काही भरवू नकोस तिच्या डोक्यात.’’

‘‘व्याकरण शिकवते रे मी.’’

‘‘मग तेही नको.’’

तेव्हापासून नात कोणाला काहीच विचारत नाही.

सुनेला म्हटले, माहेरी जा. ती म्हणाली, ‘‘तिथे कोण आहे, आई? वहिनी दाराची साखळी न काढताच बोलते.’’ मी आहे तोवर मुलगा थोडा तरी दबून असतो. माझ्यानंतर दबायला कोणी नाही. म्हणून हे दार तिचे. ते कोणाला उघडायचे, हे तीच ठरवील.

३. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणाला. सही सुनेची चालेल, मुलाची नाही.

४. पुढच्या खोलीतला फळा भिंतीवरून काढू नये.

५. मुलाला त्याच्या वडिलांचे घड्याळ, आणि कपाटात जपलेला त्याचा लहानपणीचा लाल स्वेटर. तापात तो माझा पदर सोडत नसे. घर काढून घेता येते. माया काढून घेता येत नाही, प्रयत्न करून पाहिला.

६. हे मृत्युपत्र पुढच्या खोलीत, सगळ्यांसमोर, नात हजर असताना मोठ्याने वाचावे. पुढचे वाक्य गाळू नये.

माझ्या मुलाने माझ्या सुनेचा हात पिरगळून मोडला. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले.

बाळ, तू विचारले होतेस. उत्तर द्यायचे राहिले होते.

(सही) शिकवणीच्या बाई

आमच्यादेखत बाईंनी वाचून सही केली:
(सही) सुनेच्या हाताला प्लास्टर घालणारे डॉक्टर
(सही) खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: सुट्टीनंतर शाळा उघडली तो सोमवार