काण्याची स्पेशल एडिशन

प्रिय सुमे,

पाकीट बघून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. तुझ्या बापाचं पोट सुटलंय आणि नळाला पाणी उशिरा येतंय, एवढीच काय ती वाईट बातमी. फोन का नाही केला म्हणून रुसूही नकोस, काही गोष्टी नुसत्या ऐकवून भागत नाही. अक्षर वाकडंतिकडं आहे ते चालवून घे. मी म्युनिसिपालटीच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, त्यातही तिसरीत आमच्या बाई बाळंतपणाला गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

रविवारी फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, आपल्या टीव्हीवरच्या काण्याच्या खेळाची स्पेशल एडिशन आली आहे, ती घेऊन पाठवू का, म्हणजे माझा हात चालू राहील. दुसरी फोन ठेवता ठेवता, हळूच. ‘माझ्यावाचून तुझा हात अडत असेल तर हैदराबादची नोकरी सोडून परत येऊ का,’ म्हणून. मी दोन्हींना ‘बघू’ म्हटलं. आता बघून झालं. पहिल्याचं आधी सांगते, कारण तो डबा मी स्वतः जाऊन बघून आले.

रघूला, तुझ्या बापाला, घेऊन मॉलात गेले. तो मॉल म्हणजे आमचीच गिरणी गो, चिमणी तेवढी शोभेला ठेवलीय. दारावरच्या बाईने माझी पिशवी उघडून आत हात घातला. आमच्या वेळी गिरणी सुटताना झडती घ्यायचे, आता शिरताना घेतात. तेव्हा आम्ही काही घेऊन जाऊ ही भीती, आता काही घेऊन येऊ ही भीती. गरिबाच्या पिशवीत एवढं काय असतं देव जाणे. माझ्या पिशवीत छत्री आणि बीपीची गोळी होती. वर खेळाचं दुकान आहे तिथेच आमचं सूत गुंडाळायचं वाइंडिंग खातं होतं, असं मी रघूला सांगितलं. तो म्हणाला, मागच्या वेळी चपलांच्या दुकानातही तू हेच म्हणाली होतीस. असू दे. खातं मोठं होतं.

दुकानातली पोरगी गुणी. मांडून ठेवलेला डबा तिने माझ्यासाठी उघडून दाखवला. पत्र्याचा डबा, त्यावर काण्याचं चित्र. आत चित्रांचं जाड पुस्तक, कापडावर छापलेला नकाशा, आणि काण्याचा वीतभर पुतळा. शिवाय खेळात काण्याला म्हणे सोन्याची तलवार मिळते. सुमे, लालबागच्या माणसाला पुतळा दाखवायचा तर जरा विचार करून दाखवावा. आम्ही गणपतीच्या कारखान्यांच्या तोंडाशी राहणारी माणसं, आधी डोळे बघतो. मेल्यांना काण्याचा एकच डोळा आखायचा होता, तोही तिरळा आखलाय. नकाशाचं कापड चिमटीत धरून बघितलं. खरखरीत, खळ लावून ताठ केलेलं. त्या कापडाचं आणखी सांगायचंय, पण मागाहून. किंमत वाचून तुझा बाप मुकाट्याने दुसऱ्या कपाटाकडे गेला. मी त्या पोरीला विचारलं, आतला खेळ तरी वेगळा आहे का. ती खरं बोलली. म्हणाली, ‘नाही आजी, गेम सेमच आहे.’

तिथेच मला हसू आलं. आमच्या गिरणीत दिवाळीच्या आधी त्याच रोजच्या लठ्ठ्यावर, साध्या जाड्या कापडावर, सोनेरी ठसा मारायचे आणि तागा चढ्या भावाने काढायचे. गिऱ्हाईक ठशावरून हात फिरवून खूश. पहिल्या धुण्यात ठसा जायचा, लठ्ठा राहायचा. लठ्ठा चांगला होता म्हणून कोणी भांडायला आलं नाही, एवढंच. तर तुझी स्पेशल एडिशन म्हणजे ठसा. आणि आपल्याकडे लठ्ठा आहे. खेळाची जुनी तबकडी अजून फिरते, फक्त सुरू होताना घरघरते, माझ्यासारखी.

आणि तो लठ्ठा किती चांगला निघाला ते तुला कोणी सांगितलं नसेल, कारण आपल्या घरात चांगलं बोलायची पद्धत नाही. म्हणून आज लिहून टाकते. अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात मेल्या कोंबडीसारखा लोंबायला लागला, तेव्हा इस्पितळातल्या बाईने मला रबरी चेंडू दिला. दाबत बसा म्हणाली. मी तो खिडकीबाहेर टाकला. तुझ्या बापाने नवा आणला, तोही टाकला. खालची पोरं खूश झाली. डाव्या हाताने भागत होतं, जेवत होते, वेणी तेवढी तुझी आई, कमल, घालून देत होती. उजव्याला मी सोडून दिलं होतं. तू मात्र एक दिवस कॉलेजातून आलीस, काही समजूत नाही, उपदेश नाही, सरळ माझ्या डाव्या अंगाला येऊन बसलीस आणि तो काळा कंट्रोलर अर्धा माझ्या मांडीवर ठेवलास. डावी बाजू तुझ्या हातात, उजवी माझ्या. म्हणालीस, ‘आजी, चालवायचं मी, मारायचं तू. तुझा डावा हात पदराखाली.’

मी बघितलं तर बटणांवर चौकोन, त्रिकोण, गोल आणि फुली. इंग्रजी नाही, काही नाही. मिक्सरवर इंग्रजी, गॅसच्या पुस्तकावर इंग्रजी, औषधाच्या बाटलीवर तर मुंगीएवढं इंग्रजी. या घरात कोणाला न विचारता मला वाचता आलेलं हे पहिलं यंत्र. म्हणून बसले. खेळासाठी नाही, मान मिळाला म्हणून.

काण्याने माझ्यापायी किती मार खाल्ला. राक्षस समोर येऊन उभा राहायचा आणि माझा अंगठा हलायचाच नाही. तू त्याला पळवत राहायचीस, गोल गोल, मी शिव्या घालत राहायचे, आणि मग कधीतरी फुली दाबली जायची. पहिला राक्षस पडला तेव्हा मी अशी ओरडले की कमलला वाटलं दुसरा झटका आला, ती पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. तू एकदाही म्हणाली नाहीस, दे आजी मी मारते. एकदा म्हणाली असतीस तर मी तो कंट्रोलरही चेंडूच्या मागे धाडला असता.

तुला ठाऊक नाही, पण डावीकडची ती जागा तुझ्याआधी तुझ्या आजोबांची होती. संप लांबला, गिरण्या उघडेनात, तेव्हा मी मसाला गल्लीत मिरच्यांची देठं खुडायला जायला लागले. वाइंडिंगमध्ये तुटलेल्या सुताला गाठ मारणारी बोटं, देठ खुडायला सहज वळली. पण आग अशी व्हायची की रघूच्या तोंडावरून हात फिरवायची सोय नव्हती. मग एक दिवस तुझे आजोबा आले आणि सगळ्या बायकांच्या मधे, माझ्या डावीकडे बसले. विणकर माणूस, गिरणीत रुबाबात साचे, म्हणजे माग, चालवणारा. पोत्यातल्या मिरच्या माझ्यापुढे सारायला लागले, खुडलेल्या मागे घ्यायला लागले. बायका हसल्या. एकीने टोमणा मारला, धोंडूभाऊ, आता बांगड्या भरा. ते वर न बघता म्हणाले, ‘साचा बंद आहे बाई, हात नाही.’ नंतर कोणी हसलं नाही. गिरणी उघडलीच नाही, आणि ते डावीकडे बसत राहिले. मी त्यांना कधी चांगलं म्हटलं नाही. त्यांनीही ऐकायचा हट्ट धरला नाही.

म्हणजे बघ, आमच्यात डावीकडची माणसं चांगली निघत आली. आता तिथे तुझा बाप बसतो. खरंच सांगते. डोळे फोडणारा खेळ म्हणून तुझ्यावर ओरडणारा रघू कामावरून आल्यावर पाय धुतो आणि कंट्रोलर घेतो. अगदीच टाकाऊ आहे. काण्याला नेऊन नेऊन भिंतीवर आपटतो, आणि दोष मला देतो. पण बसतो.

आता दुसऱ्या प्रश्नाचं. दुकानात मी नकाशाचं कापड चिमटीत धरलं म्हटलं ना, ती चिमटी उजव्या हाताची होती. मला कळलंही नाही गो. कापड दिसलं, हात पुढे गेला, अंगठ्याला खरखर लागली आणि मी मनात त्या खळवाल्याला शिव्या द्यायला लागले. कळलं ते रघूला. तो त्या तिरळ्या पुतळ्याकडे तोंड करून नाक पुसत उभा राहिला, पोरीला वाटलं पुतळा फार आवडला. घरी येऊन मी कागद मागितला. पाकिटावरचा इंग्रजी पत्ता कमलचा आहे. आतलं हे सगळं, पहिल्या ओळीपासून, उजव्या हाताने लिहिलंय, दमलं की थांबून, परत धरून. फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, आजी मला बरं वाटावं म्हणून थाप मारते. आता बघ वाकडं अक्षर आणि ठेव विश्वास. नोकरी सोडू नकोस. डबा पाठवू नकोस. दिवाळीला ये, ती चकल्या खायला ये, हातासाठी नको. डाव्या हाताने आज नुसता कागद धरलाय, हलू नये म्हणून. तुझ्याकडूनच शिकला तो.

तुझीच,
उजवीकडे बसणारी आजी