भिंतीकडे तोंड केलेला फोटो

मी, नूतन रतिलाल सोनवणे, वय ६६, अविवाहित, राहणार जळगाव, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले, डोळे थकले. डोके जागेवर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर माझा भाचा भूपेंद्र यास मिळावे. त्याचे लहानपण इथे गेले. अंगणातले सीताफळाचे झाड मात्र तोडू नये.

२. वडिलांचा स्टुडिओ, माझा यशिका कॅमेरा व सर्व निगेटिव्ह कोकिळा पावरा हिला मिळावेत. बावीस वर्षे तिने माझ्यासोबत काम केले. भूपेंद्रला निगेटिव्हचा एकही तुकडा देऊ नये. मी धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमधल्या मजुरांचे फोटो काढले, प्रत्येकामागे नाव लिहिले. पुण्यात त्याने त्यांचे प्रदर्शन भरवले आणि सगळ्यांखाली ‘अनामिक’ छापले. विचारले तर म्हणाला, “आत्या, लोक चेहरे बघतात, नावं कोण वाचतं?” त्याला मी माफ केले आहे. निगेटिव्ह देणार नाही.

३. ज्याचा फोटो, त्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय कोकिळाने तो कुठेही टांगू नये. मिशनच्या शाळेत सिस्टर सांगत, दुसऱ्याचे न विचारता घेऊ नये. चेहऱ्याचेही तसेच असते, हे मी चूक करून शिकले. शिरपूरच्या डोंगराकडची दगडीबाई हंगामात जिनिंगवर येई. तिचा काढला तितका चांगला फोटो मला पुन्हा जमला नाही. मोठा करून, चौकट बसवून, मी तिच्या झोपडीत नेला आणि स्वतःच खिळा ठोकून लावला. तिची सून रडायलाच लागली.

“बाई, मी जित्ती शे नं! भितवर ते मरेल मानसं टांगतस,” दगडीबाई म्हणाली. मग माझाच पडलेला चेहरा बघून हसली. फोटो उतरवून माझ्या हाती दिला. “तुनाजोडे ठेव. मी मरसू तवय लाव.”

४. तो फोटो एकोणीस वर्षे स्टुडिओत भिंतीकडे तोंड करून उभा आहे. ती आहे तोवर तसाच राहू द्यावा. नंतर तिच्या घरी पोचवावा. खाली ‘दगडीबाई’ असे ठळक लिहावे.

५. मी गेल्यावर माझा फोटो शोधत बसू नये. एकच आहे. त्याच दिवशी झोपडीत दगडीबाईने कॅमेरा मागून घेऊन काढलेला, वाकडा. तो भिंतीवर लावायचा की नाही, हे कोकिळाने आधी तिला जाऊन विचारावे.

याआधी लिहिलेले सर्व कागद रद्द समजावेत.

स्थळ : जळगाव
दिनांक : १० फेब्रुवारी २०२५
(सही) नूतन रतिलाल सोनवणे

नूतनताईंनी आमच्यासमोर वाचून सही केली. आम्ही त्यांच्यासमोर केली.
१. (सही) कुंदाबाई चुडामण पाटील, शेजारी
२. (सही) तेजस भालेराव, वकील