खालच्या खोलीतली वायर

सोमवार, ४
आले एकदाची! वरच्या मजल्यावर दोन खोल्या, कॉम्प्युटरला खिडकीपाशी मोक्याची जागा. डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करायला आणखी काय हवं? घरमालक काकांनी जड मॉनिटर स्वतः वर आणून दिला. काकू माहेरी गेल्यात म्हणाले. इंटरनेटची वायर त्यांच्या मागच्या खोलीतून जमिनीतल्या भोकातून वर येते.

मंगळवार, ५
दहा वाजता नेट गेलं. राउटर बंद-चालू केला, वायर काढून परत बसवली. दिवा लालच. कस्टमर केअरवाली बाई तेच तेच सांगून माझं डोकं उठवत होती. काका बाजारातून आले, खाली गेले, पाच मिनिटांत नेट हजर! उंदरांनी वायर कुरतडली होती, टेप मारली म्हणाले. त्यांची बोटं सोलवटली होती.

बुधवार, ६
काका बाहेर पडले की नेट जातं. आजही तसंच. मी भोकातून वायर थोडी वर ओढली. जुनी टेप, त्याखाली दातांचे वण. रुंद. उंदराचे नाहीत. वर सुकलेलं रक्त.
काकांना न सांगता तक्रार नोंदवली.

गुरुवार, ७, सकाळ
लाइनमन आला. मोठा गप्पिष्ट. ताई, तुमच्या उंदराला दंतवैद्याकडे न्या, म्हणाला. तक्रार बंद करायचा कोड येणार म्हणून माझा फोन घेऊन खाली गेला. काका घरी नव्हते. मागच्या खोलीचं कुलूप बघून मीच म्हटलं, तोडा.
मग त्याची हाक. ताई, इथे एक बाई आहे, हात मागे बांधलेत, पायात साखळी—
काकू.
तो दोर कापत होता. फाटक वाजलं. मी ओरडले, पण उशीर झाला. जिन्यातून पाहिलं. काकांच्या हातात पहार. पहिला घाव खांद्यावर. दुसरा डोक्यात. तो पडल्यावरही मारत राहिले. भिंतीवर रक्त, माझ्या फोनचा चुरा.
वर पळाले. कडी लावली.

अकरा वाजून गेले
काका बाहेरचं दार, खिडक्या बंद करताहेत. ऐकू येतंय. माझ्या खिडकीला गज. रस्ता रिकामा. भोकाला तोंड लावून काकूंना सांगितलं: दोन तारा आहेत, तांबडी तांबडीला, पांढरी पांढरीला, घट्ट धरा. त्यांचे हात मोकळे आहेत. दिवा लागला का, विचारताहेत. सारख्या—
हिरवा!
बहिणीला पत्ता धाडला. पोलीस आण. गेला. पोचला—
खाली किंकाळी. धप्प. पुन्हा धप्प.
लाल.
काकू बोलत नाहीत.

जिन्यावर तो. कपाट दाराला लावलंय. पहार आपटतोय. फळी फुटली— त्याचा हात आत— माझ्याकडे कात्री आहे. बोटांवर एकदा मारली, ओरडला. कडी निघाली. येऊ दे. आता मी त्याला