दुसरी तार

१७ जुलै २०१४, गुरुवार

खुंटीचं बोंडच क्लीओफसच्या हातात आलं! टेबलापाशी गिटार मांडीवर घेऊन सूर लावत होता. कट्ट झालं आणि पिवळं पडलेलं प्लॅस्टिक थेट माझ्या वाटाण्याच्या भांड्यात. म्हटलं, "घे! आता खा गिटार." हसला नाही. बोटांकडे बघत बसला.

बोटं सुजलीयत त्याची. संधिवात. खुंट्या आधीच गंजलेल्या, फिरवायला जोर लागतो, आणि जोर आता उरलाय कुठे? फार वाईट वाटलं मला. वाटाण्यातून तुकडा काढला.

१८ जुलै

ठरलं. सहाच्या सहा खुंट्या बदलायच्या, चर्चच्या होमकमिंगच्या आत. दहा ऑगस्टला शिकागो, डेट्रॉइटला गेलेले सगळे माघारी येणार, पार कारभार बघणाऱ्या डेकन पर्विसची चुलतबहीणसुद्धा. त्यांच्यासमोर माझ्या नवऱ्याने खुंटीशी झटापट करायची? मुळीच नाही! शर्टाच्या कारखान्यात बावीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त केल्यात मी. सहा खुंट्यांचं काय एवढं!

त्याला सांगितलं तर म्हणतो, "नको."

"का नको?"

"चाललंय की."

"काय चाललंय कप्पाळ! दुसरी तार दर रविवारी सुरातून उतरते."

"ती राहू दे. बाकीच्या बदल हव्या तर."

ऐका! जी बिघडलीय तीच ठेवायची म्हणे. असा हट्टी माणूस अख्ख्या आर्कान्सात नसेल.

२० जुलै, रविवार

उतरलीच. चर्चमध्ये, दुसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यावर. हा नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून पिळत बसला, आणि मी नेहमीसारखी तिसऱ्या बाकावरून उठले. काय करणार? गाणं थांबलं की लोक पंखे हलवायला लागतात, पोरं रडतात. मग मी एक ओळ म्हणते, आणि सगळे ती लांबवत माझ्यामागून म्हणतात — पुस्तकं नव्हती तेव्हाची रीत. तार लागेपर्यंत दोन ओळी, कधी चार. १९८३ पासून हे असंच चाललंय.

जेवताना डेकन पर्विस क्लीओफसकडे बोट करून ओरडला, "ब्रदर टेटमची तार उतरली की सिस्टर झेलचा आवाज चढतो!" सगळे खो खो हसले. म्हटलं, "हसून घ्या. नव्या खुंट्या येतायत."

क्लीओफस मक्याच्या पावाला लोणी लावत होता. त्याने वर पाहिलंच नाही.

२१ जुलै

आज त्याच्या शर्टाची गुंडी मला लावावी लागली. आपण होऊनच म्हणाला, "मागव."

"सगळ्या?"

लावलेली गुंडी त्याने बोटाने चाचपली. मग — "सगळ्या."

मेम्फिसच्या दुकानात फोन केला. तिथला माणूस विचारतो, "मॅडम, बसवून कोण देणार?" म्हटलं, "तुझी आजी!"

२६ जुलै, शनिवार

पार्सल आलं. आणि बसेनात! भोकं रुंद, नव्या खुंट्यांचे दांडे बारीक, नुसत्या डगडगतायत. मोजलंच नव्हतं मी! "आधी मोजा, मग मागवा" म्हणून कारखान्यातल्या पोरींवर बावीस वर्षं खेकसत आले, आणि स्वतः मात्र गिटार जुनी म्हणून जुन्या घाटाच्या मागवून मोकळी! एवढी चिडले की पाना फेकला अंगणात.

क्लीओफस हसला. पोट धरून हसला! कित्येक आठवड्यांनी. पाना त्यानेच उचलून आणला. मग माझाही राग टिकला नाही.

दुकानवाला म्हणतो, भोकात बसवायच्या कड्या मिळतात, सोमवारपर्यंत पोचतील. "आजीला सांगा," म्हणाला गुलाम.

२९ जुलै

बसल्या! सकाळी स्वयंपाकघरात चादर अंथरली, त्यावर गिटार. तारा काढल्या, जुने स्क्रू सोडवले. एक स्क्रू गंजून बसलेला, नखभर फिरला की अडायचा. त्याच्याशी गोड बोलून बोलून काढला. कड्या ठोकल्या, हलक्या हाताने, खाली फडकं घालून. नव्या स्क्रूंना साबण चोळला, म्हणजे लाकूड चिरत नाही. पट्टी धरून सहाही एका रेषेत आणल्या. जुन्या सहा कॉफीच्या डब्यात टाकल्या, दुसरीला तेवढा लाल दोरा बांधला. टाकून द्यायच्या आधी मला तिचे दाते बघायचेत — एवढी वर्षं छळलं तिने!

नव्या तारा चढवून गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने दोन बोटं लावली फक्त. खुंटी लोण्यासारखी फिरली. तो परत परत फिरवत बसला, वर, खाली, वर. "झेल," म्हणाला. एवढंच. पण डोळे भरले होते त्याचे, मी पाहिलं. माझेही भरले. मग उगाच चादर झटकायला बाहेर गेले.

३० जुलै

बुधवारची प्रार्थना. तासभर वाजवलं. तार एकदाही उतरली नाही. माझं काम पक्कं!

३ ऑगस्ट, रविवार

आजही नाही. सहा गाणी, सलग, घड्याळासारखी. सगळे क्लीओफसच्या पाठीवर थापा मारत होते. चर्चच्या गायकमंडळातली, क्वायरवाली वर्निस मला म्हणते, "बरं झालं गं, आता तुला निवांत बसून ऐकता येईल." गोड हसली वर.

निवांत! तिसऱ्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसले होते. दुसऱ्या गाण्याच्या मध्याला माझे पाय आपोआप उठायला बघत होते. दाबून बसले.

खरं लिहायचं तर इथेच लिहीन, दुसरं कोण ऐकतंय? मला गायचंय. १९८३ च्या ईस्टरला क्वायरमध्ये जायला निघाले होते. तेव्हा क्वायर वर्निसच्या आईच्या हाती होती. म्हणाली, "ओझेला, तुझा आवाज स्वयंपाकघरातला. तिथेच शोभतो." सगळ्यांसमोर! घरी येईपर्यंत ट्रकमध्ये रडले. क्लीओफस गाडी चालवत होता, काही बोलला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. एकतीस वर्षांत माझ्या गाण्याबद्दल बरा की वाईट, चकार शब्द नाही त्या माणसाचा.

माझं गाणं म्हणजे त्या बिघडलेल्या खुंटीपुरतं. आणि ती मीच काढून टाकली, साबण लावून! आहे की नाही शहाणी?

पण त्याला कळता कामा नये. बोटं दुखत नाहीत आता त्याची. त्यापेक्षा काय मोठं आहे!

७ ऑगस्ट

पीच सोलत बसले. "गप्प का?" म्हणाला. "उकडतंय," म्हटलं.

१० ऑगस्ट, रविवार

होमकमिंग. बाहेरही खुर्च्या टाकाव्या लागल्या. मी निळा पोशाख, मोठी हॅट. तिसरा बाक.

दुसरं गाणं जोरात चाललेलं आणि — टँव! दुसरी तार खाली. मी हादरले. माझं काम! कडी सरकली? स्क्रू सुटला? एवढ्या लोकांत! क्लीओफसने गिटार वळवली, भिंतीकडे तोंड केलं. पंखे हलायला लागले. मग मागून कोणीतरी, बहुतेक पर्विस, हळूच म्हणालं, "ऊठ ना, सिस्टर झेल."

उठले. पहिली ओळ थरथरली. दुसरीला लोक उभे राहिले. डेट्रॉइटची माणसंसुद्धा ओळ लांबवून परत देत होती. जन्मभर दुसरं काही गायलंच नसल्यासारखी. चार झाल्या, सहा झाल्या. तार काही लागेना! मी नवव्या ओळीपर्यंत गेले. आईला आठवून गायले. वर्निसकडे बघून नाही गायले, तेवढं मला कळतं. घाम, डोळे, सगळं एक झालं होतं. मग कुठे सूर लागला त्याचा.

पीचचं गोड एकाच पंगतीत संपलं. घरी येताना मी म्हटलं, "माफ कर रे. खुंटी कच्ची बसली माझ्याकडून." तो म्हणाला, "होतं असं." आणि खिडकीबाहेर बघू लागला.

११ ऑगस्ट

तो औषधाला गेला तेवढ्यात गिटार उतरवली. भिंग लावून बघितली. कडी घट्ट. स्क्रू घट्ट. दाते नवेकोरे. तारेचे वेढे जागच्या जागी. काही म्हणजे काही सैल नाही! मग उतरली कशी?

कॉफीचा डबा काढलाय.

१२ ऑगस्ट

लाल दोऱ्याची जुनी खुंटी सकाळी पकडीत आवळली, तिला तार गुंडाळून खाली आईची लोखंडी इस्त्री टांगली आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. आता संध्याकाळ झाली. इस्त्री रेघेवरच आहे, केसभर हललेली नाही. ही खुंटी कधी बिघडलेलीच नव्हती. पहिल्यांदा तार उतरली ती त्या ईस्टरनंतरच्या रविवारी. एकतीस वर्षं स्वतःच उतरवत आला तो!

आत्ता दारात येऊन उभा राहिला. इस्त्री बघितली, रेघ बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि टोपी चढवून अंगणात गेला. मी इस्त्री सोडवून जागेवर ठेवली. उद्या बुधवारची प्रार्थना. एक ओळ पाठ करतेय.