शेवटची वानगी

आबा,

काल दुपारी मी सिगार ओढली. तुमच्या नातवानं आग्रह केला नाही, मीच मागितली. दादाचा मुलगा परदेशातून आलाय. राजारामपुरीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत त्यानं आणि त्याच्या मित्रानं महागातल्या सिगारची पेटी उघडली होती आणि दादा मधोमध बसून एकेक सिगार नाकाखालून फिरवत मान डोलवत होता. मित्र म्हणाला, यात कोको आहे, चामडं आहे, ओल्या मातीचा वास आहे. दादा म्हणाला, 'हाय की, हाय.' दादाला वाळकं गवत आणि तंबाखू यातला फरक कधी कळला नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मला ते बघवेना. मी म्हटलं, 'बघू इकडं.' दादा ओरडलाच, 'अगं, साठीला आलीस, आता ह्ये काय काढलंस?'

मी आधी न पेटवता हुंगली. अंगठ्यानं दाबत टोकापर्यंत गेले, कुठं पोकळ लागते का बघितलं. मग पोरानं पेटवून दिली. धूर तोंडातच धरला आणि थोडासा नाकावाटे सोडला. राख करडी, घट्ट, बोटभर झाली तरी पडेना, म्हणजे पान चांगलं पोसलेलं. पण तिसऱ्या झुरक्याला नाकाच्या मुळाशी काहीतरी टोचलं, सकाळी बंद गोठ्याचं दार उघडल्यावर टोचतं तसं. मी सिगार परत दिली आणि म्हटलं, 'वरचं पान झकास हाय. आतलं मुरायच्या आधीच घाईनं भरलंय. अजून वर्षभर पेटीत राहू द्या, मग वढा.' मित्र हसला. मोबाइलवर बघून म्हणाला, या सिगारला तर सगळ्यांनी फार वरचे गुण दिलेत. अर्धी ओढून झाल्यावर मात्र त्यानं ती बाजूला ठेवली. 'आत्ती, खरंय तुमचं. टोचाय लागली.'

त्यावर दादानं छाती फुगवली. 'आमच्या आबांचं नाक हाय त्ये! अख्ख्या वखारीत तसं नाक नव्हतं. शेवटाला तेवढं फसलं, पर वय झालं की कुणाचंबी हुतंय.' मी चहा अर्धा टाकून घरी आले आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

आबांचं नाक. आबा, तुम्हाला नाक उरलं होतंच कुठं?

मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेजातून येताना फाटकापाशीच करपल्या दुधाचा वास आला आणि आत बघते तर तुम्ही स्टोव्हच्या शेजारी पाटावर बसून पेपर वाचताय. शेठच्या वखारीत कुठला तंबाखू घ्यायचा आणि कुठला परत पाठवायचा हे ज्याच्या शब्दावर ठरतं, त्या माणसाला हातभर अंतरावरचं करपलेलं दूध कळत नव्हतं. इतक्या वर्षांच्या तंबाखूच्या धुरळ्यानं तुम्हाला वास येईनासा झाला होता. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही पातेल्याकडे बघितलंत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोत्यातली मूठभर वानगी रुमालात बांधून घरी आणलीत आणि माझ्यापुढं धरलीत. 'काय वाटतंय, सांग.'

तिथून चार वर्षं. पानाचा रंग तुमच्या डोळ्यांना कळायचा, ओल तळहाताला कळायची, वास तेवढा माझा. वानगी बघून होईपर्यंत स्वयंपाकघरात फोडणी पडायची नाही. रॉकेलचा वास नको म्हणून आई पेटता स्टोव्ह उचलून घरामागच्या परड्यात नेऊन ठेवायची आणि म्हणायची, 'आदी त्या तंबाकूचं, मग आमच्या पोटाचं.' मला पावडर लावायची नाही, वासाचं तेल नाही, गजरा तर नाहीच. कॉलेजात मैत्रिणी मोगरा माळून यायच्या आणि मला विचारायच्या, तुमच्याकडं काय सुतक हाय व्हय गं? मी सांगायचे, 'मला आवडत नाही.' आवडत होतं, आबा. फार आवडत होतं. आणि चार वर्षांत तुम्ही एकदाही 'बरोबर ओळखलंस' म्हणाला नाहीत. ऐकून घ्यायचात, रुमालाला गाठ मारायचात आणि उठायचात.

मग शेठनं विचारलं, तुमच्यामागं कोण? तुम्ही दादाचं नाव सांगून आलात. मी तुम्हाला जेवताना विचारलं, 'मला का न्हाय?' तुमचा घास हातातच राहिला. 'बाईमाणूस वखारीत बसून तंबाकू हुंगणार व्हय? लोकं तोंडात शेण घालतील माज्या.' ज्या रुमालात वानगी आणायचात तो तेव्हासुद्धा तुमच्या खांद्यावर होता. पुढच्याच महिन्यात शाहूवाडीहून पाहुणे मला बघायला आले. त्यांच्यातल्या कुणीतरी तुमच्या कामाचा विषय काढला तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, 'आमच्या पोरीला तंबाकूचा वाससुदीक सोसत न्हाय.' मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. त्या दिवशी तुमच्याबद्दल माझ्या मनात जे काही होतं ते संपलं.

लग्नाला आठ दिवस होते तेव्हा तुम्ही शेवटची वानगी आणलीत. त्या हंगामातला सगळ्यात मोठा माल होता. रंग गुळासारखा, हाताला कोरडा. मी ओंजळ नाकाशी नेली आणि पहिल्याच श्वासाला कळलं की हा माल एकदा पावसात भिजलाय, परत वाळवलाय आणि आतून बुरशी धरलीय. मी पुन्हा एकदा हुंगल्यासारखं केलं आणि म्हटलं, 'चांगला हाय. बिनघोर घ्या.' तुम्ही रुमालाला गाठ मारून बाहेर पडलात. तासाभरानं परत आलात तेव्हा तुमच्या हातात मोगऱ्याच्या अत्तराची कुपी होती. 'आता लाव,' म्हणालात, 'आता काय हरकत न्हाय.' शेठला तुमचा शब्द दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होता. सांगायला अख्खी रात्र होती. मी अत्तर मनगटाला लावलं आणि झोपायला गेले.

पावसाळ्यात माल सडला. तंबाखूची बांधलेली बोदं फोडली तेव्हा आतून काळा लगदा निघाला आणि शेठनं हमालांसमोर तुम्हाला नको ते सुनावलं, हे दादानं शाहूवाडीला येऊन मला सांगितलं. पंचमीला माहेरी आले तर तुम्ही बाहेरच्या सोप्यात बसला होतात, कामावरून कायमचे घरी आलेले. येईल त्याला सांगत होता, 'नाक म्हातारं झालं माजं.' शाबासकी सगळी स्वतःकडे ठेवलीत तसा दोषही स्वतःकडेच ठेवलात. माझ्या वाट्याला तोही येऊ दिला नाहीत. मला वाचवलंत की स्वतःची लाज राखलीत, हे मला आजतागायत कळलेलं नाही. जेवताना एकदा तुम्ही माझ्याकडे बघितलंत, बराच वेळ बघितलंत, आणि मग आईला म्हणालात, 'भात वाढ तिला.' विचारलं काहीच नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

दादाला अजून वाटतं की तुमचं नाक वयानं फसलं. हे पत्र त्याच्या हातात ठेवायचं ठरवून मी सकाळी लिहायला बसले होते. आता नाही देणार. आबांनी तेव्हा एका शब्दानं विचारलं असतं तर मी सगळं खरं सांगून टाकलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. नसतं सांगितलं, आबा.