ट्रान्सफॉर्मरपुढचा बाक

के. आर. पुरम, बेंगळूर
फेब्रुवारी १९९६

तीर्थस्वरूप भागुअक्का,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा व्यंकोजी याचा इथूनच वाकून नमस्कार. गुडघ्याला नवं तेल मानवलं का? (माझा दमा बरा आहे. तुम्ही विचारलं नव्हतंत, तरी कळवतो.)

आता आमच्या लढाईची हकिकत. कोपऱ्यावर विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे, खाली फ्यूजची पेटी आणि वर करंजाची गार सावली. दुपारी रत्नाला भाजी निवडत बसता यावं म्हणून मी पेटीला लागूनच एक बाक ठेवला. गेल्या महिन्यात लाइनमन मल्लाप्पा येऊन म्हणाला, "अण्णा, बाक स्वल्प लांब घ्या. पेटीचं दार पुरतं उघडायला आणि वेळ आली तर मागं सरायला चार फूट जागा मोकळी लागते." मी म्हटलं, माणूस फूटभर रुंद, त्याला चार फूट कशाला? तो हसून गेला. मी मात्र पेटलो (विजेशिवाय). गल्लीभर सह्या गोळा केल्या, बाक तिथंच राहावा म्हणून कन्नडमध्ये झणझणीत अर्ज लिहिला आणि मंगळवारी विजेची कचेरी गाठली. साहेब जेवायला गेले होते. ते अजून जेवत असावेत.

परत येतो तो गल्लीत वीज नाही, मल्लाप्पा पेटीपुढे फ्यूज बसवत उभा आणि बाक आमच्या अंगणात! शेजारच्या विश्वासरावांना हाताशी धरून रत्नानंच तो ओढून नेलेला. मी तोंड उघडणार, एवढ्यात फाडकन आवाज झाला, पेटीतून जाळ आला आणि मल्लाप्पा मागच्या मागं उडी मारून मोकळ्या जागेत धपकन पडला. भुवया तेवढ्या करपल्या. बाक असता तर त्याला अडखळून तिथंच होरपळला असता. रत्नानं पाणी आणलं, मी अर्जानं वारा घातला.

"सरी, ठीक आहे अण्णा," तो धापा टाकत म्हणाला, "चार फूट पुरले."

आपला,
व्यंकोजी

ता. क. खरं म्हणजे तुम्ही महिनाभर राहायला या. रत्नाला बोलायला कोणी नाही, फार एकटी पडली आहे.

ता. क. (रत्नाचा) अक्का, पत्र टाकायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून वाचलं. एकटी कुठली? मंगळवारपासून हे माझी पाठ सोडत नाहीत. भाजीसुद्धा शेजारी बसून निवडतात. चांगली मेथी टाकतात, काड्या ठेवतात. जाळ निघाला तिथंच मी रोज पाठ टेकून बसायची, हे त्यांनी तुला लिहिलंच नाही. तू ये, पण यांच्यासाठी ये.